पोळ्यापर्यंत खणायचं नाही

श्रावण लागला की लोकांना हिरवं दिसायला लागतं. मला गटार दिसतं. सुलतानपूरला माझ्या दिराच्या घरामागे न्हाणीचं पाणी साचतं, तिथे शोषखड्डा करायचा, हे काम कितीतरी श्रावणांपासून माझ्या यादीत आहे. वही संपते, नवी येते, काम नव्या वहीत जातं. गच्चीची गळती झाली, गॅसची नळी बदलली, दोन लग्नं पार पडली. हे एकच काम दरवर्षी जसंच्या तसं उभं. आणि ते का होत नाही, तर हातपाय नसलेल्या, डोळे असून नसल्यासारख्या, जन्मात कधी आवाज न काढणाऱ्या एका प्राण्यामुळे. त्याच्या वतीने आवाज काढायला माझी जाऊ शोभा आहेच.

पावसाळ्याचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा आमच्या काळ्या मातीतून चालून दाखवावं. पाऊस पडला की ही माती चपलेला धरते, पाच-सहा पावलांत चपलेचा पाट होतो, आणि माणूस एक चप्पल हातात घेऊन दुसरी शोधत उभा राहतो. पाऊस थांबला की हीच माती अशी तडकते की भेगेत पंजा जावा. मधलं काही तिला येतच नाही. ओला वास, हिरवं शेत वगैरे जे काही असतं ते एसटीच्या खिडकीतून. खाली उतरलं की चिखल, डास आणि तारेवर न वाळणारे कपडे. शेवाळलेल्या ओट्यावर घसरून पडणारी माणसं, आणि पडल्यावर ओट्याला शिव्या देणारी तीच माणसं.

ज्या श्रावणाची गोष्ट मी सांगतेय त्या श्रावणात माझ्या मेहकरच्या घराची फरशी उखडली होती. मिस्त्र्याने आठवड्याचं काम सांगितलं होतं, म्हणजे महिना गृहीत धरून मी सामान बांधलं आणि सुलतानपूरला दिराकडे राहायला गेले. शाळेतल्या माझ्या ऑफिसला तिथून एसटीने जायचं, संध्याकाळी परत. घरात माझे दीर नाना, जाऊ शोभा, त्यांचा मुलगा गणेश आणि त्याची नवी बायको तन्वी. चार माणसं, आणि न्हाणीचं पाणी कुठे जातं याची एकालाही फिकीर नाही. मी दुसऱ्याच दिवशी यादी केली. पहिलंच काम शोषखड्डा.

तन्वी सावंतवाडीकडची. लग्न उन्हाळ्यात झालं तेव्हा तिच्या माहेरच्या टेम्पोतून कपाट आलं, भांडी आली, आणि सुपारीची रोपं आली, लाल मातीच्या पोत्यांसकट. बुलढाणा जिल्ह्यात सुपारी लावायला निघालेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. नंतरही नाही. तिने ती रोपं न्हाणीच्या बाजूला, अळूच्या वर, जरा उंचवट्यावर लावली, सगळी लाल माती तिथे पसरली, आणि भोवती फरशीचे तुकडे मांडले. काळ्या अंगणात तो लाल चौकोन दुरूनही दिसायचा. शोभा येईल त्याला दाखवायची.

"माती आणली हो माहेरून! आमच्या इथं जशी मातीच नव्हती!"

तन्वी हसायची आणि रोज संध्याकाळी स्वच्छ पाण्याचा एक तांब्या तिथे ओतायची. ज्यांच्याकडे पाणी आकाशातून न मागता येतं त्यांना झाडाचे लाड परवडतात, असं मी तेव्हा मनात म्हटलं. आजही माझं मत तेच आहे.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी सलीम मिस्त्री आला. त्याने न्हाणीमागे चुन्याने गोल आखला. अर्धा गोल अळूत आणि अर्धा लाल मातीत गेला. मधे येणारे फरशीचे तुकडे उचलायला शोभा वाकली, एक तुकडा उचलला आणि अशी ओरडली की शेजारची म्हैस दोर ताणून उभी राहिली.

खाली करंगळीएवढं जाड, जांभळट राखाडी, ओलं, चकचकीत काहीतरी वेटोळं करून पडलं होतं. अंगभर कड्यांमागे कडी. तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे कळू नये, अशी दोन्ही टोकं. दिसायला इतकं ओंगळ की त्यावर वेळ घालवायची इच्छा होऊ नये. पण घरच्यांनी घालवला. प्रत्येकजण आपापलं हत्यार घेऊन आला. नाना काठी घेऊन, शोभा मिठाची बरणी घेऊन, गणेश मोबाइल घेऊन. त्याने फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला आणि उत्तरं मोठ्याने वाचू लागला. एकाने लिहिलं नागाचं पिल्लू. एकाने लिहिलं मांडूळ, नशीब उघडलं. तिघांनी नुसते हात जोडले. ज्यांनी हात जोडले त्यांना आपण कशाला हात जोडतोय हे माहीत नव्हतं, आणि ही त्यांना अडचण वाटली नाही.

"आई, मीठ नको!" तन्वी पुढे झाली. "देवगांडूळ आहे ते. आमच्याकडे पाण्याच्या पाटाच्या कडेला सापडतं. रोपांच्या मातीतून आलं असणार. काही करत नाही."

"काही करत नाही तं मंग देव कशाचा?" शोभा म्हणाली.

सलीम हसला. "भाभी, एवढंसं तं हाये. फावड्याच्या एका घासात जाईन."

"थांब बे सलीम," नाना म्हणाले. "उद्या पंचमी हाये. आज जित्राब मारू नको अन् उद्या तं मातीले हातच लावायचा नाही. परवा सकाळी ये. परवा दोन्ही कामं करून टाकू."

दोन्ही कामं म्हणजे खड्डा आणि ते. शोभाने फरशी पुन्हा ठेवली, मिठाची बरणी न्हाणीच्या कट्ट्यावर ठेवली, हाताशी असावी म्हणून, आणि उद्याच्या पूजेसाठी दूध वेगळं काढायला आत गेली.

त्या रात्रीच्या जेवणाआधी मी वाचून घेतलं. न वाचता बोलणारे घरात पुरेसे होते. हे गांडूळ नव्हे आणि सापही नव्हे, बेडकाच्या नात्यातलं आहे. याला पाठीचा कणा असतो, जबडा असतो, बारीक धारदार दात असतात. डोळे कातडीखाली झाकलेले, उजेड-अंधार कळला तर कळला. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधून एक एवढीशी मिशी बाहेर येते आणि तिने ते वाट चाचपतं. कवटी घट्ट, तीच पहार. डोकं मातीत ढकलत पुढे जायचं, वाळवी आणि गांडुळं खायची, आणि दिसायचं नाही. कातडीनेही श्वास घेतं, त्यामुळे कातडी कायम ओली हवी. वाळली की संपलं. सह्याद्रीच्या उतारावरची, कोकणातली भुसभुशीत ओली माती, पालापाचोळा, ओढ्याकाठचे दगड, हे त्याचं घर. म्हणजे ज्या मातीत मीठ आणि ऊन यांपैकी एक जरी मिळालं तरी ते मरणार, नेमक्या त्या मातीत ते येऊन पडलं होतं. मधे होता तो पोतंभर लाल चौकोन.

जेवताना हे मी सगळ्यांना सांगितलं. मुद्देसूद, क्रमाने. सहा मुद्दे होते.

"बेंडकाचं भाऊबंद?" नानांनी भाकरी मोडता मोडता विचारलं. "वहिनी, बेंडकाले पाय असते."

शोभा म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही शिकल्या-सवरल्या. तुमचं खरं असंन. पण घरात नको." गणेशने मांडूळवाल्याला अजून उत्तर दिलं नव्हतं, तो त्याच विचारात होता. माझे सहाच्या सहा मुद्दे ताटाबरोबर उचलले गेले.

पंचमीचा दिवस. ज्याने ही पूजा पाहिली नाही त्याच्यासाठी सांगते. त्या दिवशी मातीत कुदळ घालायची नाही, नागाला लागेल. चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. शोभाने म्हणून भेंडी आदल्या रात्रीच चिरून ठेवली होती. पाटावर गंधाचा नाग काढला. त्याला डोळे दोन, जिभा दोन, फणा भरघोस. समोर लाह्या, फुटाणे, दुधाची वाटी. उकडलेल्या दिंडांचा वास घरभर. शेजारणी आल्या, नमस्कार करून गेल्या. मी हे सगळं पाहत होते आणि मधूनच खिडकीतून मिठाची बरणी दिसत होती. नाग काढलेला असला की दूध, खरं काही सरपटलं की मीठ. मी नास्तिक नाही. पण एवढ्या कमी अंतरावर दोन्ही ठेवायला काहीतरी निराळंच मन लागतं.

दुपारी सगळे झोपले तेव्हा तन्वी मला मागे घेऊन गेली. फरशी तिने एका बाजूने इतकीच वर केली की उजेड आत गेला.

"काकू, बघा. अंडी आहेत."

वेटोळ्याच्या आत, मण्यांसारखी, एका बारीक धाग्याने एकमेकांना जोडलेली. ते, म्हणजे ती, जागची हलली नाही. आदल्या दिवशी डोक्यावर काठी, मीठ आणि फावडं आलं तेव्हाही हलली नव्हती, ते आता कळलं. तो मी तिचा मूर्खपणा समजले होते.

"अंड्यांना सोडून ती खायलासुद्धा जात नाही," तन्वी म्हणाली. "आता हलवली तर परत बसेल की नाही देव जाणे. आणि जाणार कुठे? बाहेर सगळी काळीच माती."

माहेर, सून, परकी माती, असं काहीतरी इथे एखाद्या लेखकाला सुचेल. मला सुचलं नाही. सुनेला डोळे होते, बीएससीची पदवी होती आणि एसटीचा रस्ता माहीत होता. मला एवढंच दिसलं की उद्या सकाळी एका कामाच्या नावाखाली चार धडधाकट माणसं एका उपाशी प्राण्याला मारणार आहेत, त्याबरोबर या मुलीची रोपंही उपटणार आहेत, आणि ते काम माझ्या यादीतलं आहे.

दुसऱ्या दिवशी सलीम सब्बल आणि फावडं घेऊन हजर. मिस्त्री कधी वेळेवर येत नाहीत, तो दिवस सोडून. नाना होते, शोभा होती, बरणी होती. तन्वी त्या फरशीच्या अगदी पुढे उभी होती.

"सरक वं पोरी," शोभा म्हणाली. "अन् हे झाडं बी उपटून टाक. ह्याच्याच मुळीतून आलं ते."

तन्वी हलली नाही. फरशीखालची तीही.

"पोळ्यापर्यंत खणायचं नाही," मी म्हणाले.

"काऊन?" नाना.

"पंचमीला अंड्यांवर बसलेलं जित्राब दिसलं तर त्या जागेला पोळ्यापर्यंत लोखंड लावत नाहीत. आमच्या माहेरी पाळतात."

माझं माहेर लोणारकडचं. लोणारकडचं म्हटलं की जुनं आणि खरं, अशी आमच्याकडे समजूत आहे, आणि तिचा उपयोग तोवर कुणी केला नव्हता. ही रीत मी त्या क्षणी, चपला घालून, एसटीची वेळ होत आलेली असताना तयार केली होती.

"मले कसं माहीत नाही?" शोभाने विचारलं.

"सासूबाईंना मी सांगितलं होतं. त्या गेल्या तेव्हा तू नवी होतीस. सांगायचं राहिलं असेल."

शोभाने बरणी खाली ठेवली. पदर सारखा केला आणि फरशीला नमस्कार केला. नाना दोन पावलं मागे सरकले आणि त्यांनी पायातल्या चपला काढल्या. दोन रात्रींपूर्वी खरे असलेले सहा मुद्दे यांच्या कानावरून वाऱ्यासारखे गेले होते. आज एक खोटं वाक्य बोलले आणि चपला निघाल्या. माणसांविषयी माझं मत आधीही फार बरं नव्हतं. त्या सकाळी ते पक्कं झालं.

सलीमने सब्बल खांद्यावर टाकली. "आमच्यात असं नसते, मॅडम. पण तुमच्यात हाये तं मी कायले पाप घेऊ? पोळ्यानंतर येतो."

आणि मग पाऊस गेला. आमच्याकडे श्रावणात खंड पडतो तसा पडला. आकाश धुतलेल्या ताटासारखं. शेतातल्या सोयाबीनने दुपारी पानं मिटायला सुरुवात केली, अंगणातली काळी माती आधी कडक आणि मग तडकायला लागली. भेगा न्हाणीकडून निघून लाल चौकोनापर्यंत आल्या. तन्वीचा एक तांब्या आता पुरेना. नळ रोज येत नव्हता, आणि साचलेलं सांडपाणी साबणाचं. साबण त्या कातडीला लागला तर मिठाची गरजच नाही.

म्हणून मी रीत वाढवली. घरातल्या प्रत्येकाने आंघोळीला बसण्याआधी, अंगाला साबण लावण्याआधी, पहिला तांब्या फरशीच्या कडेला ओतायचा. "साबण लागला तर विटाळ होतो," असं मी सांगितलं. नाना आकाशाकडे बघत, सोयाबीनची काळजी करत, पण रोज ओतत. दोन दिवसांत शेजारणी तांबे घेऊन यायला लागल्या. एकीने हळद-कुंकू आणलं. मी म्हटलं, कुंकू वाहिलं तर व्रत मोडतं. दुसरीने दूध आणलं. दुधाने मुंग्या आल्या असत्या आणि मुंग्यांनी अंडी नेली असती. मी म्हटलं, याला दूध चालत नाही, फक्त पाणी, तेही गाजावाजा न करता. कुणीही का विचारलं नाही. जितकं नाही म्हणत गेले तितकी त्यांची श्रद्धा वाढत गेली. गणेशने मांडूळवाल्याला शेवटी कळवून टाकलं की हे व्रताचं आहे, विकत नसतात.

मेहकरच्या घराची फरशी या दरम्यान झाली. मी परत गेले नाही. सुलतानपूरला माझी अजून कामं होती.

पोळा आला. बैलांच्या शिंगांना रंग, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरं, आणि वर्षभर पराणी टोचणारे तेच हात त्या दिवशी पुरणपोळी भरवत होते. त्यावर मी काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे न्हाणीमागे जमले. तन्वीने फरशी उचलली.

ती तिथेच होती. निम्मी झालेली. कातडी सैल, चमक गेलेली. आणि तिच्या वेटोळ्यात, तिच्या अंगावर, ओल्या दोऱ्यांसारखी, फिकट गुलाबी पिल्लं. पाण्यात पोहणारी बेडकाची पिल्लं असतात तशी नव्हे. थेट तिच्यासारखी. बिनपायाची, बिनडोळ्याची, बारीक कड्यांची. इतके दिवस उपाशी राहून, काठी, मीठ, फावडं आणि ऊन सोसून तिने निष्पन्न काय केलं, तर स्वतःसारखीच आणखी काही. मी पाहत राहिले. बाकीचेही.

"इतके दिवस ह्यानं काहीच खाल्लं नाही?" शोभाने हळू विचारलं.

"नाही, आई."

शोभा पुढे झाली. मला वाटलं, आता हात जोडणार. तिने तन्वीच्या हातातली फरशी घेतली आणि स्वतः झाकली. कडेने बोटाने माती लिंपली.

"झाक वं लौकर. ऊन लागून राह्यलं त्याइले."

सलीम दुसऱ्या दिवशी आला. मी त्याला चुन्याचा गोल दाखवला. मुदत संपली होती, रीत पूर्ण झाली होती, कामाला सुरुवात करायला हरकत नव्हती.

"असं कसं जाऊबाई?" शोभा म्हणाली. "बाळंतीण हाये ना ते."

तिथून पुढे शोषखड्डा माझ्या हातातून गेला. दिवाळीत घरी पाहुणे होते. उन्हाळ्यात मिस्त्री लग्नसराईत. आणि पाऊस लागला की पंचमी तोंडावर. रीत आता त्या घरापुरती राहिलेली नाही. सगळी गल्ली पंचमी ते पोळा खणत नाही. केबल टाकायला आलेली माणसं एकदा परत गेली. एका घराचा संडासाचा खड्डा अर्धवट राहून त्यात शेळी पडली. शेळी निघाली, खड्डा पोळ्यापर्यंत तसाच. गेल्या वर्षी गल्लीत नवी आलेली एक सून मला समजावून सांगत होती की ही चाल फार जुनी आहे, लोणारकडून आलेली. मी मान हलवली. शोभाने स्वतःचंही एक कलम जोडलंय, फरशी उचलायची नाही. वर्षभर नाही. दृष्ट लागते. त्यामुळे त्या पोळ्यानंतर तिथे खाली काय आहे हे कुणी पाहिलेलं नाही. सुपारीची रोपं मात्र आहेत, गुडघ्याएवढी, वाढायचं नाव नाही आणि मरायचंही नाही.

परवा पंचमीच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम सुलतानपूरला गेले. यंदाचा उन्हाळा वाईट गेला होता. वैशाखात अंगणात भेगा अशा पडल्या होत्या की तन्वीने त्यांचे फोटो पाठवले. त्यातून तो लाल चौकोन काय वाचला असेल? मेलेल्या जागेला आपण इतकी वर्षं पाणी घालत असू आणि त्यासाठी सांडपाण्यात डास पोसत असू, तर ते कुणीतरी एकदा तपासायला नको? मी खुरपं घेऊन मागे गेले. अळू माजलं होतं, डास होतेच. फरशीजवळ बसले आणि खुरप्याचं टोक कडेच्या मातीत घातलं.

"जाऊबाई!"

मागे शोभा, हातात तांब्या.

"नुसतं बघणार होते. आहेत की नाही ते."

"उद्या पंचमी हाये. तुम्ही लोणारच्या असून?"

याला उत्तर होतं. एका वाक्याचं होतं, आणि त्याने गल्लीतले सगळे अडलेले खड्डे मोकळे झाले असते. शोषखड्डा त्याच दिवशी आखून झाला असता. मी खुरपं वर काढलं. टोकाला लागलेली माती लाल होती, आणि ओली होती.

शोभाने तांब्या माझ्यापुढे धरला. मी तो घेतला. ओतायच्या आधी आत बोट फिरवून पाहिलं.

"साबणाचा हात नाही ना लागलेला?"

शोभाने माझ्याकडे नव्या सुनेकडे बघावं तसं पाहिलं.